बिनकुलपाची पेटी

माह्या कमरेले सत्तावीस चाब्या.
खडूचं कपाट, हार्मोनियम, नकाशांची खोली,
व्हॉलीबॉलची जाळी, मास्तरलोकांचा संडास,
अन् मैदानाकडचं मोठं फाटक,
जे वर्षातून दोनदा उघडे, झेंड्याच्या दिवशी.
शाळेत जे जे हलवता येते
त्याले मी कुलूप लावतो.
पोट्ट्यायचा भरवसा नाही.
एकदा पृथ्वीचा गोल पळवून
त्यायनं नाग नदीत सोडला होता.

म्हणून ढालींच्या कपाटाशेजारी
कूलरच्या वर ती पेटी लागली,
हिरवं काळीज, त्यात वीज काढलेली,
तवा मी पहिल्याच दिवशी गोदामातून
पितळी कुलूप आणलं.

मेंढुले मॅडमनं पाह्यलं.
खो-खो शिकवतात त्या. शिटीपेक्षा आवाज मोठा.
त्या दिवशी ओरडल्या नाहीत.
म्हणाल्या, "डोमाजी, घरून इथं यायले किती वेळ लागते?"
म्हटलं, मानेवाड्यावरून सायकलनं बारा मिनिटं.
सिग्नल लागला तर पंधरा.
"अन् काळीज थांबलं, तर त्या पोराजवळ किती राहतात?"

मी कुलपाकडं पाहत राहिलो.
नाव दोघायनंही घेतलं नाही.

पल्लवी उईके. नववी ब.
चारशे मीटर, डिसेंबरातली सकाळ,
चुन्याच्या रेघा दवानं ओल्या.
तिसऱ्या वळणापर्यंत तीच पुढं होती.
मग बसल्यासारखी झाली.
मग आडवी.
आमाले वाटलं, पाय मुरगळला.
कोणी म्हटलं कांदा आणा, कोणी म्हटलं चप्पल हुंगवा,
कोणी ग्लुकोजचं पाणी तोंडाले लावलं.
मॅडम छाती दाबत होत्या, मोजत,
तिसाच्या पुढं पुन्हा एक.
अ‍ॅम्ब्युलन्स आली नाही असं लोक सांगतात.
आली होती.
फाटकाच्या बाहेर उभी होती, दिवा फिरत होता,
अन् सत्तावीसमधली कोणती
ते माह्या बोटायले आठवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, जन्मापासून होतं,
काळजाची भिंत जाड होती, कोणाले दिसलं नसतं,
कोणाचा दोष नाही.
हे वाक्य मी रोज घरी नेतो
अन् सकाळी परत आणतो.
डबा तरी रिकामा होते.

पेटी शिकवायले एक पोरगा आला होता मेडिकलवरून,
सोबत बिनपायाचा रबरी माणूस.
पोट्टे हसले. मीही हसलो असेन.
मशीन हिंदीत बोलते, बाईच्या आवाजात,
तिले काही घाई नाही.
हात लावू नका म्हणते, मग दाबा म्हणते.
झटका द्यायचा का नाही, तेही तीच ठरवते.
मी मागून विचारलं,
सातवी शिकलेल्या माणसाले जमते का जी?
तो म्हणाला, "काका, ऐकू येते न तुमाले?
बस झालं."

तर कुलूप काढलं.
आता महिन्यातून एकदा तरी कोणी
उगीच झाकण उघडते, भोंगा बोंबलते,
मी पाणी भरता भरता बादली टाकून धावतो.
एकदा मॅडमनं घड्याळ लावलं, "पंचावन्न सेकंद."
गुडघे दुखतात, म्हटलं.
दुसऱ्या खेपेले मीच मोजलं. एकोणपन्नास.
त्या पोट्ट्यायले मी अजून रागावलो नाही.

रोज सकाळी झाडण्याच्या आधी
पेटीतला हिरवा ठिपका पाहतो.
लुकलुकते. बरं वाटते.
देव्हाऱ्यापुढं मी इतका उभा राहत नाही.

पल्लवीचा भाऊ यंदा सहावीत आला. सुकेश.
तोही धावते, बहिणीसारखा, कोपरं बाहेर काढून.
त्याच्या बापानं फॉर्मवर सही केली
तवा पेटीसमोर बराच वेळ उभा होता,
उघडून पाहू का, म्हणाला.
म्हटलं, उघडा. भोंग्याले भिऊ नका.

पोरगा तिसऱ्या वळणावर येते
तवा माह्याच्यानं मैदानाकडं पाहवत नाही.
मी कूलरपाशी पेटीले पाठ लावून राहतो,
अन् नळाची धार मोजतो.

मोठ्या फाटकाले आता नुसती कडी.
सक्करदऱ्याच्या गाई आत येतात,
चुन्याच्या रेघा पुसून टाकतात, शेण टाकतात.
हेडसर म्हणतात, डोमाजी, कुलूप लावा.
मी हो म्हणतो.
सव्वीस चाब्या वाजवत
गाई हाकलायले जातो.