तळाची मूठ

शनिवारी दुपारी धुकं दरीत उतरलं की
आम्ही दोघी निघतो, मी आणि बियाकदिकी,
कपाळाला पट्टा, पाठीला टोपली,
काखेत चर्चची वही.

आमचं गाव मिझोरामच्या एका धारेवर
वाळत घातल्यासारखं पसरलेलं.
खालच्याचं छप्पर वरच्याच्या उंबऱ्याला टेकतं.
रात्री एक जण खोकला
तर तीन घरांत पाणी तापतं.
गेल्या महिन्यात झोहमिंगाचं लेकरू गेलं,
तेव्हा कुणी सांगायच्या आत पोरं कुदळी घेऊन
टेकडीवर पोचली होती.
तीन रात्री त्याच्या घरात सगळे गात बसले,
ढोल हळू, चहा काळा,
आणि चौथ्या सकाळी
त्याचं लाकूड कुणी फोडून ठेवलं ते कळलंच नाही.

प्रत्येक चुलीपाशी एक डबा असतो.
भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ देवाचा,
सकाळी एक, संध्याकाळी एक.
मुठीला माप नाही. ज्याची जेवढी.
आठवड्याचे जमलेले आम्ही नेतो, तोलतो, लिहितो.

पी रुआलखुमीचं घर सगळ्यात शेवटी,
जिथे पायवाट बांबूत शिरते.
बांबू फुलला होता आणि उंदीर माजले होते
त्या सालापासून म्हातारी
एक दाणा सांडू देत नाही.
शेत नाही. डोळेही आता नाहीत.
रेशनचा तांदूळ वीस तारखेला संपतो.
आणि तिचा डबा
दर शनिवारी काठोकाठ.

मला त्यातलं थोडं ठाऊक होतं.
बुधवारी भाजी द्यायला गेले की
ती चूल फुंकायला वळते,
तेवढ्यात मी एक मूठ सोडते.
आवाज होऊ नये म्हणून बोटांतून, हळू.
मला वाटायचं, मी एकटीच.

आज डबा गोणीत उपडा केला
आणि थर दिसले.
लाल. मग चिकट, पांढरा. मग कण्या.
मग पुन्हा लाल.
मी बियाकदिकीकडे पाहिलं.
ती छपराकडे बघत होती,
जणू तिथे काही टांगलंय.

“डोळे गेलेत,” पी म्हणाली, “बोटं नाही गेली.”
गोणीत हात घालून तिने दाणे चाचपले.
“हा लाल थांगच्छुआकाच्या उतारावरचा.
हा चिकट, उपांच्या सुनेचा;
घाईची पोर, निम्मा बाहेर सांडते,
मी वेचून आत टाकते.
आणि ह्या कण्या तुझ्या, बाई.
तुमच्या गिरणीचं काहीतरी बिघडलंय.
नवऱ्याला सांग.”

मग एक लांब, बारीक दाणा
तिने नाकाशी धरला.
असा तांदूळ आमच्याकडे पिकत नाही,
कुणी विकतही आणत नाही.
“ह्याला रस्त्याचा वास येतो. डिझेलचा.
कागदाच्या पुडीत असतो, दारात.
जिना चढत नाही तो, जो कोण असेल तो.
चर्चमध्येही त्याचा आवाज मी ऐकला नसणार.
नाव माहीत नाही,
म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करायला
जरा जास्त वेळ लागतो.”

आम्ही दोघी मान खाली घालून.
गोणीचं तोंड बांधावं की नको.
बियाकदिकी म्हणाली, “पी, थोडा तुम्हीच ठेवा.”

म्हातारी हसली नाही.
रागावलीच जरा.
“देवाचा डबा आहे तो, माझा नव्हे.
आणि माझी मूठ कुठे म्हणून शोधू नका.
ती तळाशी असते.
रविवारी संध्याकाळी, पहिली.
तुम्ही सगळे नंतरचे.”

वहीत मी लिहिलं: पी रुआलखुमी, एक डबा.
दुसरं काय लिहिणार?
गोणीत सगळं मिसळून गेलं होतं.

उतारावर पट्टा कपाळात रुतत होता.
खालून उद्याच्या गाण्यांचा सराव
सा रे ग म करत वर येत होता,
एक पोरगा सारखा चुकत होता
आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबत होते.

गिरणीचं मात्र आज बोलायलाच हवं.