बोटभर फट

त्सिआला इटलीला गेली, आणि जाताना
च्रेलाला टोपलीत घालून
माझ्या दाराशी ठेवून गेली.
टोपलीत एक जुना स्वेटर, बाहीला लसणाचा वास.
"दोन वर्षं," म्हणाली. सगळ्या दोनच म्हणतात.
कुताइसीतल्या आमच्या जिन्यावर
अशा दोन वर्षांची तीन कुलपं लोंबताहेत.

शावाला हे कोणी विचारलं नव्हतं.
शावा अकरा वर्षांचा, काळा बोका, एका कानाला खाच,
चुलीजवळची खुर्ची त्याच्या नावावर.
बंद दाराखालच्या फटीला नाक लावून तो बसून राहिला,
मग माझ्याकडे असं पाहिलं
जसं माझा नवरा पाहायचा
माझी आई न कळवता मुक्कामाला आली की.

जनावरांची डॉक्टर म्हणाली, घाई नको.
आधी वास, मग आवाज, नजर सगळ्यांत शेवटी.
मी एका मोज्यानं च्रेलाचे गाल पुसले
आणि तो शावाच्या बशीखाली ठेवला.
शावाचे गाल पुसलेला मोजा पलंगाखाली सरकवला.
चार दिवस दोन पायांत दोन रंग घालून
पाव आणायला गेले.
भट्टीवरच्या इझोल्दानं काही विचारलं नाही.
तिनं माझं याहून वाईट पाहिलंय.

पाचव्या दिवशी दाराच्या दोन्ही अंगांना बशा.
तो इकडून खातो, ती तिकडून,
मधे लाकूड.
एक घास, थांबणं.
एक घास, थांबणं.

रात्री बारीहून फोन.
तिथं ती एका म्हातारीला सांभाळते,
सिन्योरा इम्माकोलाता, नव्वदीला एक कमी.
"खाते का?"
"खाते. पलंगाखालून निघत नाही, पण खाते."
"आणि तो?"
"फिस्कारतो."
त्सिआला हसली. म्हणाली, इथंही तेच.
पहिल्या दिवशी चमचा फेकून मारला.
माझा टॉवेल रोज न्हाणीघरातून उचलून
खोलीबाहेर टाकते.
मी समोर असले तर सूपला शिवत नाही.
मी माझ्या खोलीत जाते, दार लावते,
मग बशीवर चमचा वाजतो.

काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, घाई करू नकोस.
तेही डॉक्टरचंच वाक्य.

दहाव्या दिवशी दार बोटभर उघडलं.
फटीत बूट अडकवला, नवऱ्याचा,
जो कोणाला द्यायचा राहून गेलाय.
पलीकडे एक डोळा दिसला,
नारिंगी गालाचा तुकडा, मिशा.
शावाची शेपटी बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी झाली
आणि त्यानं असा आवाज काढला
जो अकरा वर्षं माझ्यापासून लपवून ठेवला होता.
पंजा एकदाच चालला. नखं आत होती की बाहेर, कळलं नाही.
मी बूट ओढला. दार लागलं.
दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले,
गुडघे कुरकुरेपर्यंत.

मग एका रात्री कडी लावायची विसरले.

सकाळी रक्त नव्हतं. केसांचा पुंजका होता, काळा.
आणि स्वेटरवर शावा मुतला होता.
दोनदा धुतला, व्हिनेगर घालून, तारेवर वाळवला.
च्रेलानं तो हुंगला, बाहीपाशी थांबली,
पुन्हा हुंगली,
आणि जाऊन बुटात डोकं खुपसून निजली.

हे मी त्सिआलाला सांगितलेलं नाही.
तीच काल सांगत होती,
म्हातारीनं आज टॉवेल टाकला नाही.
"ओला होता म्हणून असेल."
"असेल," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा शावा खुर्चीत होता, पाठ करून.
च्रेला बुटाशी, तीन हातांवर.
कोणी कोणाकडे बघत नव्हतं.
चुलीत ओलं लाकूड फुटलं.
चारही कान एकदम वळले,
खाचेचासुद्धा.