ग्यारह माह

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला लागून,
नेमाची झेरॉक्स आणि उसाचा चरक यांच्या मधोमध
माझं टेबल. एक पाय विटेवर.
एकोणतीस वर्षं झाली, इथे बसून
लोकांची घरं टाइप करतो.

कागद हिंदीत, मनातली बडबड मराठीत.
प्रथम पक्ष मकान मालिक, द्वितीय पक्ष किरायेदार,
अवधि ग्यारह माह.
त्या ग्यारहसाठी बोटं आता खाली बघत नाहीत.
बारा लिहिलं की रजिस्ट्री, रजिस्ट्री म्हटलं की खर्च,
म्हणून अख्ख्या इंदुरात भाडेकरूचं वर्ष
अकरा महिन्यांत संपतं.
बारावा कुठे जातो, कुणी विचारत नाही.
विचारलं तरी पन्नास रुपयांत
किती सांगणार?

अटी पाठ आहेत.
मोटर सकाळी एकदाच. दहानंतर फाटक बंद.
अंडं चालणार नाही.
भिंतीला खिळा ठोकायचा नाही
(आमच्या घरचं घड्याळ
नऊ वर्षं फ्रिजवर टेकून उभं आहे).

परवा सुखलियाचे पोरवालजी आले, नवी भाडेकरू घेऊन.
अंकिता कुमरावत, खरगोनची, रात्रपाळीची नोकरी.
पोरवालजी म्हणाले, लिहा, पाहुणे दोन दिवस.
ती म्हणाली, आणि आई?
ते थोडे अडखळले. माणूस वाईट नाही.
म्हणाले, बरं, आई चार दिवस.
मी लिहिलं: माता, चार दिवस.
एकोणतीस वर्षांत हे कलम
पहिल्यांदाच उमटलं माझ्या यंत्रातून.

दुपारी डायरीवाले येतात.
डायरी म्हणजे काय, बाहेरच्याला सांगावं लागतं:
बायपासपलीकडे सोयाबीन उभं असतानाच
त्याच्यावर रस्ते, बगीचा, क्लब हाउस छापलेला नकाशा
आणि पैसे पोचल्याची चिठ्ठी, पेन्सिलीनं.
कॉर्नर प्लॉट. पूर्वमुखी.
आता दलालाचा फोन लागत नाही,
तर भिया, एक शपथपत्र बनवून द्या.
देतो. त्याचे पैसे घेत नाही.
का घेत नाही, ते नेमालाही ठाऊक नाही.

आमच्या कपाटात, पासबुकाच्या घडीत
तसलीच एक चिठ्ठी आहे. प्लॉट नंबर सत्याऐंशी.
शालिनीच्या पाटल्या गेल्या तिच्यात,
आणि माझी दाढ बसवायची राहून गेली.
कधी रविवारी स्कूटरवर जाऊन येतो आम्ही तिकडे.
सोयाबीन निघालं की हरभरा. बाकी काही नाही.
ही बांधावर उभी राहून म्हणते,
ओटा इथे आला असता. नाही, जरा अलीकडे.
खिडकी त्या बोरीकडे.
शेतवाला ओळखतो आता. जाताना
हरभऱ्याची जुडी देतो हातात.
तोही पैसे घेत नाही.

आज आमचाच कागद.
मालक मुंगी समोरच्या स्टुलावर,
गुडघ्यावर डबा, डब्यात शंभराचा स्टॅम्प.
भाडं दहा टक्के वर.
गाइडलाइन वाढली हो, काय करणार.
गाइडलाइन जमिनीची वाढली, मी म्हणणार होतो,
आमचे दोन कमरे आहेत तेवढेच आहेत.
म्हटलं नाही.
हा दहावा करार. म्हणजे माझे दहा महिने
कुठेतरी दाराबाहेर पडून असणार,
ओल्या गादीसारखे.

आणि मग टाइप झालं:
अवधि बारह माह.

बोटांनी केलं, मी नाही. शपथेवर सांगतो,
आणि शपथपत्राचा मसुदा माझ्याइतका
कुणाला पाठ नसेल.
व्हाइटनरची बाटली शोधली. झाकण चिकटलेलं.
त्या एका शब्दावर पांढरा ठिपका ओढला,
वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.
चरकाची घुंगरं वाजत होती.

मुंगी म्हणाले, होऊ द्या सावकाश,
घाई नाही.

मग मी घाई केली नाही.