बारा पॉइंट चार

तोताराम नेहेते मीटरच्या दोन सुया टेकवतो.
बारा पॉइंट चार. मला वाटतं, बरी आहे.
मग तो हेडलाइट लावायला सांगतो
आणि आकडा जिना उतरतो.
"व्होल्ट म्हंजे चेहरा, भाऊ. ताकद येगळी."

कार्डावर चार वर्षं छापलीयत.
ते कार्ड भुसावळात छापलेलं नाही.
इथं मे महिन्यात बॉनेटवर पापड वाळतात,
इथं तीन धरायची.
मरते ती मेमध्येच,
कळतं डिसेंबरात, पहाटे पाचला,
पाहुणे बॅगा घेऊन दारात
आणि चावी फिरवल्यावर नुसतं टक्.
लोक थंडीला शिव्या देतात.

माझी गाडी उभीच असते.
लोको शेडमधून रिटायर झालो तेव्हा घेतली.
आठवडी बाजार, पेन्शनची बँक, बस.
"उभ्याउभ्या जास्त झिजते," तो म्हणतो,
टर्मिनलवरची निळसर बुरशी
गरम पाण्यानं धूत, माझ्याकडे न बघता.

नवी टाकू का?
सहाही टोपणं उघडून तो आत वाकतो,
डिस्टिल वॉटर ओततो. एक घर
बाकीच्यांपेक्षा तहानलेलं निघतं.
"येवढा हिवाळा काढंल.
फिरवा तिला. बाजारापुरती नको, लांब.
तापी ओलांडा, यावलपर्यंत जा, परत या.
काम नसलं तरी."

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, यावलला जाऊन येतो.
"कोण आहे यावलला?"
कुणी नाही. बॅटरीसाठी.
तिनं गॅस बंद केला,
चपला शोधू लागली.