निव्वळ वजन

चोपड्याच्या जिनिंगवर मी काटा चालवतो.
भरलेला ट्रॅक्टर येतो, आकडा घेतो.
रिकामा होऊन परततो, पुन्हा आकडा.
पहिल्यातून दुसरा वजा केला की निव्वळ.
चौदा वर्षं हेच.

जागृती सात वर्षांची.
बोलते, पण आमचेच शब्द परत देते.
'जेवलीस का?' विचारलं, की 'जेवलीस का?'

कशानं झालं, हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.
आई म्हणते, "गिराणमा सुरी लिधी व्हती इन्ही."
लिधी व्हती. मेथी चिरली होती,
मला भूक लागली होती म्हणून.
मेहुणे म्हणतात मोबाईल. तेव्हा आमच्याकडे
बटणांचा एकच होता, तोही माझ्या खिशात.
मेडिकलवाला निंबाभाऊ आवाज खाली आणून म्हणतो, लस,
आणि स्वतःच्या नातवाला त्याच बुधवारी टोचून आणतो.
बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घरात बोलत नसाल तुम्ही.
हे खरं आहे. मी कमी बोलतो.
ते ऐकून ज्योत्स्ना आठ दिवस
चुलीशी, मोरीत, दोरीवर कपडे टाकताना
बोलत राहिली, घसा बसेपर्यंत.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं :
लस नाही. ग्रहण नाही. आईचं काही चुकलेलं नाही.
बरंचसं रक्तातून येतं, उरलेलं अजून शोधताहेत.
तो कागद डब्यात आहे, रेशनकार्डाखाली.

माझं एक आहे, कुणाला न सांगितलेलं.
त्या वर्षी शालकाच्या कपाशीवर फवारणी केली,
तोच सदरा घालून घरी आलो.
तिनं तो हातानं धुतला. पाचवा महिना.
रात्रपाळीला हे मी काट्यावर चढवतो,
उतरवतो,
पुन्हा चढवतो.

आणि ओंकारकाका. आजोबांचे धाकटे भाऊ.
दिवसभर फाटकाशी बसून रुईच्या गाठी मोजायचे,
कुणी खांद्यावर हात ठेवला तर किंचाळायचे.
घरचे म्हणायचे, ओंकार तसाच.
भाकरी वेळेवर जायची. कारण कुणी काढलं नाही.
आणि मी : बेरीज जुळेपर्यंत ज्याला घास जात नाही,
जो लग्नात मांडवाच्या मागे,
आचाऱ्याच्या भट्टीपाशी उभा असतो.

मग वजा काय करू?
ट्रॅक्टर रिकामा होऊन येतो.
जागृतीला जागृतीतून उतरवून
परत काट्यावर कशी आणू?

आज सुट्टी म्हणून तिला सोबत आणलंय.
दुपारी काटा मोकळा असतो.
लोखंडी पत्र्यावर ती बरोब्बर मधोमध उभी राहते,
बाहेरच्या पाटीवर लाल आकडे पेटतात.
"वीस," ती म्हणते.
मी तर काहीच बोललो नव्हतो.

पावतीपुस्तक हातातच राहतं.
तेवढ्यात फाटकातून हॉर्न देत ट्रॅक्टर आत वळतो,
ती कान दाबून खाली बसते,
आणि मी धावतोय, दोन्ही हात वर करून,
बंद कर रे भाऊ, हॉर्न बंद कर आधी,
माल नंतर मोजू.