धोटा, पातळी एकोणीस

पहिले तीन आठवडे मी तलवार घेतली.
मरायचो.
पुलावर मरायचो, गुहेच्या तोंडाशी मरायचो,
एकदा तर कोंबडीएवढ्या कशानं तरी मारलं,
आणि व्यंकू तिकडं पुण्यात, खोलीवर, हसला.
मला ते टाइप केलेलं दिसलं.
"मामा, तुम्ही बार्ड घ्या की ओ."

बार्ड म्हणजे?
भाट.
म्हणजे राजा कसाही असो, वा वा म्हणणारा?
नाही ओ. मागं उभारून गाणारा,
पुढच्यांचे हात थकू नयेत म्हणून.
मग झीलकरी म्हण की.
झीलकरी मला माहीत आहे.
शाहिराला फेटा बांधतात,
झीलकऱ्याला घसा बसल्यावर खडीसाखर.

नाव विचारलं गेमनं. धोटा, लिहिलं.
बावीस वर्षं त्यालाच येता-जाता बघतोय.

खरं सांगायचं तर गाणं मला ऐकू येत नाही.
डावा कान सोळाव्या वर्षी मागावर ठेवला,
उजवा हप्त्याहप्त्यानं गेला.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम बोलतात,
तिथं आम्ही ओठ वाचतो,
शिव्यासुद्धा ओठांनीच देतो.
व्यंकूनं हेडफोन पाठवलेत. घालतो.
मे महिन्यात कान घामेजतात, एवढंच.

पण धैर्याच्या गाण्याचं आयुष्य बारा सेकंद.
अकराव्याला पुन्हा धरायचं.
तेराव्याला धरलं तर मध्ये फट पडते
आणि त्या फटीतून माणूस जातो.
हे मला शिकवावं लागलं नाही.
ताणा तुटला, जॉबर एक पाऊल उशिरा पोचला,
की चादरीत मोराच्या पायाशी अशीच फट राहते.
शेठ त्यात बोट घालून दाखवतात.

दैत्याकडे सगळेच बघतात.
मी पाच हिरव्या पट्ट्या बघतो,
कुठली सरकतेय, कुठली सरकणार आहे.
ढालवाली मुलाला झोपवून येते,
तो जागा असला की तिची ढाल अर्धा क्षण मागं पडते.
तेवढं मी आधी धरतो.

लढाई संपली की हिशोब येतो, कुणी किती मारलं.
धोटा: शून्य.
एकदा चाळीस. तुणतुणं लागलं असेल कुणाला.
राजेश्वरी मांडीवर विड्यांचं सूप घेऊन बसलेली,
"ह्यात तुम्ही काहीच करत नाही?"
करतो की. ते मेले नाहीत, बघ.
तिनं पाहिलं, आणि विडीला दोरा गुंडाळला.

मागल्या शुक्रवारी सोनं वाटून झालं, बाकीचे गेले,
व्यंकूचा धनुर्धारी नदीकाठी तसाच उभा.
पट्टी पूर्ण हिरवी. ओरखडा नाही.
काय रे?
काही नाही मामा.

शेडमध्ये ओठ "काही नाही" म्हणतात
तेव्हा हात खिशात असतो, आणि खिसा लाल.

कंपनीचं विचारलं नाही. त्या पोरीचंही नाही.
जवळ गेलो. दहा पावलांपलीकडे गाणं पोचत नाही.
धैर्याचं लावलं.
समोर शत्रू नाही, नुसतं पाणी, तेही खोटं.
अकराव्याला पुन्हा.
पुन्हा.
किती वेळ, मोजलं नाही. म्हणजे तेवढंच मोजलं.

मग त्यानं लिहिलं:
मामा, तुम्हाला हे ऐकू येत नाही ना?
नाही. कसंय?

बराच वेळ काही नाही.

चालू ठेवा.

पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं,
मोरीतला हंडा भरून वाहत असणार.
दारात उभारून राजेश्वरी काहीतरी म्हणत होती,
मी तिच्या ओठांकडे पाहिलं नाही.
नऊ.
दहा.