शेवटची तारीख

माहुलच्या आमच्या इमारतींत लिफ्ट आहे,
म्हणजे तिचं दार आहे.
सतरा वर्षं जिने चढून मी दारोदार विचारतेय,
"शेवटची पाळी कधी आली होती?"

कुणी म्हणतं, गौरी उठल्या त्याच्या आदल्या दिवशी.
कुणी म्हणतं, तीन दिवस नळाला पाणी नव्हतं तेव्हा.
बिंदू यादव बोटांच्या पेरांवर मोजते, चुकते, पुन्हा मोजते,
आतून सासू ओरडते, "छठ के बाद!"
मी वहीत आकडा लिहिते,
नऊ महिने सात दिवस पुढे जाते,
तिथे एक गोल काढते.

दहा इमारतींचे गोल मला पाठ आहेत.
कुणाचं रक्त साडेसात, कुणाच्या तोंडावर सूज,
कोण लोहाच्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवतं.

कारखान्यांचा वास इथे नव्या माणसाला येतो.
मला तो कधीच येईनासा झाला होता.
एका मंगळवारी परत आला.
पाचव्या मजल्यावर कठडा धरून मी उभी राहिले
आणि स्वतःला म्हटलं, पित्त.

दोन महिने चुकले होते. त्याआधीही चुकायची.
वय एक्केचाळीस. मी धरून चालले, गेली, सुटले.
उरलेली पाकिटं प्रणिताच्या कपाटात ठेवूनही दिली.

नफिसा आमच्यात नवी, सहा महिन्यांची.
टपरीवर मी चहा परत केला, तेवढं तिला पुरलं.
पिशवीतून पट्टी काढून म्हणाली,
"कुंदाताई, शेवटची पाळी?"

मला सांगता आलं नाही.

दवाखान्याच्या संडासाला कडी नाही.
एका हातानं दार ओढून धरलं, दुसऱ्या हातात पट्टी.
दोन रेघा.
फिकट असली तरी रेघ ती रेघच,
असं मी किती जणींना सांगितलंय.
ही फिकटसुद्धा नव्हती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, ठेवायचं का.
दोन रात्री घेतल्या मी.
दशरथ काही बोलला नाही,
फक्त सकाळी पाण्याचा हंडा मला उचलू दिला नाही.
प्रणिता म्हणाली, "आई, माझी बारावी आहे गं,"
आणि रात्री माझ्या पायाखाली उशी सरकवून गेली.

मग साखर तपासली, रक्तदाब, रक्त: नऊ.
जेवणानंतर, चहा लांब ठेवून, लिंबूपाण्याबरोबर
मी माझी पहिली गोळी घेतली.
तोंडभर गंजलेला खिळा.
सतरा वर्षांत एकदाही चाखली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बिंदूकडे गेले, वही उघडली नाही.
म्हटलं, "मलाही मळमळतं. झोपताना घे, मग कळत नाही.
शी काळी झाली तर घाबरू नकोस.
पण डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली,
अंगावरून लाल गेलं, तर सासूला विचारत बसू नको,
रिक्षा कर. रात्र असली तरी कर."

तिनं पिठाच्या डब्यामागे हात घातला.
गोळ्यांची अख्खी पट्टी, एकही फोडलेली नाही.
एक फोडली. माझ्याकडे बघत गिळली.
मग ओढणीनं तोंड पुसून विचारलं,
"और दीदी, आपकी तारीख?"

मी तिच्या उंबऱ्यावर बसले,
पेरांवर मोजलं, चुकले, पुन्हा मोजलं.
पोलिओचा रविवार होता तो.
बूथवर माझी कंबर धरली होती,
शाईचा पेन सारखा हातातून निसटत होता.